बारावीनंतर फ्रेंच : प्रवेश घेण्याआधी हे वाचा

(आमच्या वर्गाचं माहितीपत्रक, विद्यार्थी आणि पालकांसाठी)

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मुलगी मराठी माध्यमातली आहे हो, इंग्रजी बेताचंच आहे. फ्रेंच झेपेल का तिला?" आम्ही दोघी पुण्यात फ्रेंच घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलांना शिकवतो, आणि या प्रश्नाचं उत्तर दारात उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हे पत्रक छापलं. थोडक्यात सांगायचं तर झेपेल. इंग्रजी बेताचं असलं तरी अडत नाही. मराठी मात्र चांगलं हवं.

आधी एक गैरसमज दूर करू. अकरावी-बारावीला फ्रेंच घेतात ते बहुतेक वेळा मार्कांसाठी. ठरावीक धडे, ठरावीक प्रश्न, नव्वदच्या पुढे गुण. त्यात वाईट काही नाही, पण ते गुण पाहून कुणी बी.ए.ला फ्रेंच विशेष विषय घ्यायचं ठरवत असेल तर आम्ही त्याला बसवून एक साधं काम देतो : काल दिवसभरात काय केलं ते फ्रेंचमध्ये पाच वाक्यांत सांग. पंचाण्णव गुणांची मुलंही इथे अडखळतात. बी.ए.मध्ये भाषा तोंडी यावी लागते, हाताने लिहिता यावी लागते, आणि दुसऱ्या वर्षापासून त्या भाषेतलं साहित्य त्याच भाषेत वाचून त्यावर त्याच भाषेत मत मांडावं लागतं. हा निराळा अभ्यास आहे, आणि आमच्या मते फार सुंदर अभ्यास आहे.

मराठी कुठे कामाला येतं

पहिल्याच आठवड्यात येतं. फ्रेंचमध्ये 'तु' (तू) आणि 'व्हू' (तुम्ही) अशी दोन संबोधनं आहेत. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ती समजावून सांगावी लागतात. आपल्याकडे शेजारच्या काकांना 'तू' म्हटलं तर आई डोळे वटारते हे दुसरीतल्या मुलालाही ठाऊक असतं, त्यामुळे तो धडा पाच मिनिटांत संपतो.

उच्चारांचंही तसंच. इंग्रजी शिकताना आपण 'टेबल' म्हणायला शिकलो. फ्रेंचमध्ये तो शब्द 'ताब्ल' असा आहे, आपल्या 'ताट'मधल्या 'त'सारखा, जीभ दातांना लावून. 'पारी'मधला (म्हणजे पॅरिसमधला) 'प' आपल्या 'पाणी'तला, हवेचा झोत न सोडता. 'प' आणि 'फ' वेगळे ठेवायची सवय आपल्याला लहानपणापासून असते. अवघड जातात ते दोन-तीनच आवाज. 'तु'मधला स्वर काढताना तोंडात 'ई' धरायची आणि ओठ 'उ'सारखे गोल करायचे. पहिले काही दिवस आरशासमोर. नाकातून निघणाऱ्या स्वरांना आपली मुलं 'न' जोडून टाकतात, 'बों'चं 'बोन' करतात. तिथे जीभ टाळूला लागू द्यायची नाही, एवढं सांभाळलं की झालं.

आकड्यांना सगळे घाबरतात. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस', सत्त्याण्णव म्हणजे 'चार-वीस-दहा-सात'. आमच्याकडे सासवडहून येणारी एक मुलगी हे ऐकून म्हणाली, "मॅडम, आमची आजी अशीच मोजते. तीन विसा, चार विसा." वर्गातल्या बाकीच्यांना विसा म्हणजे वीस-वीसचे गट हेच माहीत नव्हतं. तिने समजावून सांगितलं आणि त्या दिवशी सगळ्यांचे आकडे पाठ झाले. तेव्हापासून आम्ही आकडे विसांतच शिकवतो.

आणि आता व्याकरणातली गोष्ट, जिच्यावर फ्रेंच मुलांचेही गुण कापले जातात. 'मी चिठ्ठी लिहिली' याचं फ्रेंच होतं 'जे एक्री ला लेत्र'. पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणायचं झालं तर 'ला लेत्र क् जे एक्रीत'. चिठ्ठी क्रियापदाच्या आधी आली, ती स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'एक्री'चं 'एक्रीत' झालं. इंग्रजीत याला काही जोडच नाही, तिथे लिहिलेलं सगळं एकसारखं. मराठीत मात्र 'लिहिलेला लेख', 'लिहिलेली चिठ्ठी', 'लिहिलेलं पत्र' हे आपण विचार न करता बोलतो. उलट आपण एक पाऊल पुढे आहोत : 'लिहिली' हे साध्या वाक्यातही चिठ्ठीकडे बघून ठरतं, फ्रेंचमध्ये ते फक्त चिठ्ठी आधी आली तरच. एवढा फरक ध्यानात ठेवला की हा धडा आपला. लिंगं मात्र पाठच करावी लागतात. आपलं पुस्तक नपुंसकलिंगी, फ्रेंचांचं पुल्लिंगी; आपलं टेबल नपुंसकलिंगी, त्यांचं स्त्रीलिंगी. यावर उपाय एकच : शब्द वहीत लिहिताना पुल्लिंगी असेल तर 'ल्' आणि स्त्रीलिंगी असेल तर 'ला' लावूनच लिहायचा, कधीही एकटा नाही.

साहित्याचा तास

पालकांना वाटतं साहित्य म्हणजे जादा ओझं, भाषा आली की पुरे. आम्हाला उलट वाटतं.

'संगीत संशयकल्लोळ' आपल्या घराघरांत माहीत आहे. रेवतीला घेरी येते, अश्विनशेठची तसबीर हातातून पडते, फाल्गुनराव तिला सावरतात, कृत्तिकेला ती तसबीर सापडते आणि पुढचा सगळा घोळ. या तसबिरीचा माग काढत गेलं की आपण पॅरिसला पोचतो, १६६० साली. फ्रेंच नाटककार मोलिएरच्या 'स्गानारेल' या एकअंकी पद्य नाटकात सेली नावाची मुलगी अशीच बेशुद्ध पडते, तिच्या प्रियकराची तसबीर खाली पडते आणि ती स्गानारेलच्या बायकोच्या हाती लागते. त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजी नाटक केलं, त्यावरून देवलांनी आधी गद्य 'फाल्गुनराव' आणि मग १९१६ चं संगीत नाटक. मोलिएरचा हा प्रवेश फ्रेंचमध्ये वाचताना आमच्या मुलांना शब्दकोश फारसा उघडावा लागत नाही. पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक असतं, म्हणून त्यांचं लक्ष भाषेकडे जातं. मराठी रंगभूमीने मोलिएरकडून बरंच घेतलं. अत्र्यांचं 'कवडीचुंबक'ही त्याच्याच कंजूष म्हाताऱ्यावरून आलं.

दुसरं उदाहरण थोडं जड आहे. फ्रेंच लेखक आल्बेर कामूच्या १९४२ मधल्या 'लेत्रांजे' या कादंबरीचं पहिलं वाक्य चार शब्दांचं आहे : आज, आई आणि मरण. भाषांतराच्या तासाला आम्ही ते मराठीत करायला देतो. 'आज आई मेली' असं मराठी माणूस आपल्या आईबद्दल म्हणत नाही. 'गेली' म्हणतो, 'वारली' म्हणतो. पण 'गेली'मध्ये एक हळवेपण आहे आणि ते मूळ वाक्यात नाही. नायकाच्या त्या कोरडेपणावर तर अख्खी कादंबरी उभी आहे. मग काय लिहायचं? मागच्या वर्षी पूर्ण दीड तास या एका क्रियापदावर गेला. एकाने 'वारली' लिहिलं, एकीने 'मेली' लिहून खोडलं. अशा तासाला मुलांना फ्रेंच किती कळलं ते दिसतं, आणि मराठीही पहिल्यांदाच नीट दिसतं. 'व्हेर्सियों' म्हणजे फ्रेंचमधून आपल्या भाषेत आणि 'तेम' म्हणजे आपल्या भाषेतून फ्रेंचमध्ये, ही दोन्ही भाषांतरं या शिक्षणपद्धतीचा जुना कणा आहेत. महाविद्यालयात ती बहुधा इंग्रजीतून होतात. आम्ही मराठीतूनही करून घेतो.

फ्रेंच साहित्य फक्त फ्रान्सचं नाही, हेही इथेच कळतं. सेनेगलच्या मारियामा बा यांच्या १९७९ मधल्या कादंबरीत नवरा वारल्यावर इद्दत (मुस्लिम विधवेने घरात काढायचा ठरावीक काळ) पाळणारी बाई घरात बसून मैत्रिणीला एक लांबलचक पत्र लिहिते : लग्न, सवत, मुलं, शाळा, नोकरी. ही कादंबरी मुली एका बैठकीत संपवतात. मॉरिशसच्या आनंदा देवी फ्रेंचमध्येच लिहितात. त्याच मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबं आहेत, ज्यांच्या रोजच्या बोलण्यात क्रिओल (फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली) आणि फ्रेंच असते.

संस्कृतीच्या पेपरात १७८९ ची क्रांती, धर्म आणि शासन वेगळं करणारा १९०५ चा कायदा, शिक्षणव्यवस्था, वर्तमानपत्रं असे विषय येतात. त्यासाठी रोज पंधरा मिनिटं फ्रेंच रेडिओवरच्या बातम्या ऐकाव्यात. पहिले दोन महिने काही कळणार नाही, तरी ऐकावं.

कुठे शिकायचं, पुढे काय

पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात फ्रेंच विषय आहे, आणि विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे, जिथे प्रमाणपत्र, पदविका, उच्च पदविका असं पायरीपायरीने शिकता येतं. एम.ए.साठी पुणे, मुंबई आणि गोवा विद्यापीठ आहेत, दिल्लीचं जेएनयू, हैदराबादचं इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ) आणि पुदुच्चेरी विद्यापीठ आहे. शुल्क आणि जागा दरवर्षी बदलतात, त्या महाविद्यालयातच विचारून घ्या.

पदवी आणि डेल्फ परीक्षा (फ्रेंच किती येतं याचं फ्रेंच सरकारचं प्रमाणपत्र देणारी) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेल्फ ए१, ए२, बी१, बी२ अशा चार पायऱ्यांची असते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण. उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ५० लागतात, पण कुठल्याही एका भागात ५ पेक्षा कमी मिळाले तर नापास. प्रमाणपत्राला मुदत नसते. बी.ए. संपेपर्यंत बी२ व्हावं असा आमचा आग्रह असतो, कारण नोकरी देणारा आधी तेच विचारतो.

नोकरीबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. नुसत्या बी.ए.वर लगेच मोठा पगार मिळत नाही. शाळांमध्ये फ्रेंच शिकवणं, आयटी कंपन्यांत फ्रेंच ग्राहकांचं काम, पर्यटन, भाषांतर, असे रस्ते आहेत. साधं भाषांतर आता यंत्र करतं. ते तपासून दुरुस्त करणारा माणूस लागतो, आणि त्याला दोन्ही भाषा खोलवर याव्या लागतात. महाविद्यालयात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. फ्रान्सला शिकायला जायचं असेल तर फ्रान्समधल्या शिक्षणाची माहिती देणाऱ्या कांपुस फ्रांस या फ्रेंच सरकारी संस्थेकडे चौकशी करावी. शार्पाक ही शिष्यवृत्ती भारतीय विद्यार्थ्यांसाठीच आहे.

आमच्याकडे

एका तुकडीत दहाच मुलं घेतो, कारण त्याहून जास्त झाली की बोलायची पाळी येत नाही. शनिवारी दीड तास भाषा, रविवारी दीड तास साहित्य आणि भाषांतर. पहिले दोन तास बसून पाहा, पैसे नंतर. महाविद्यालयाच्या नोट्स आम्ही देत नाही. त्या मागायला येऊ नये ही विनंती. शब्दकोश छापील हवा, जुन्या बाजारातला चालेल.

पहिल्या तासाला येताना दोनशे पानी वही आणा आणि तुमच्या आवडीच्या मराठी पुस्तकातलं एक पान. ते तुम्ही वर्गात मोठ्याने वाचायचं आहे, आणि त्यातलं पहिलं वाक्य आपण सगळे मिळून फ्रेंचमध्ये करायचं आहे.