नॅनोस्फटिकांचे डोपिंग

काही नॅनोमीटर आकाराच्या अर्धसंवाहक स्फटिकात परक्या मूलद्रव्याचे मोजके अणू घालून त्यातील विद्युत् वहन इलेक्ट्रॉनांकरवी (एन-प्रकार) व्हावे की धन पोकळ्यांकरवी, म्हणजे इलेक्ट्रॉन नसलेल्या रिक्त स्थानांकरवी (पी-प्रकार), हे ठरविण्याची प्रक्रिया. सिलिकॉनमध्ये फॉस्फरस किंवा बोरॉन घालून हेच साधतात. नॅनोस्फटिकांत मात्र परक्या अणूच्या संयुजेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व त्याला मिळालेल्या जागेला असते.

कॅडमियम सिलेनाइडच्या ४ नॅनोमीटर व्यासाच्या कणात सुमारे १,२०० अणू असतात. त्यात एकच परका अणू शिरला, तरी त्याचे प्रमाण दर घन सेंमी.ला १० च्या १९ व्या घाताच्या घरात जाते. सिलिकॉनमध्ये हे प्रमाण अतिशय दाट डोपिंगचे मानतात. दर कणामागे सरासरी एक अणू दिला आणि वाटप यदृच्छ मानले, तर सुमारे ३७ टक्के कण कोरेच राहतात.

या विषयाचा आरंभ बहुधा रामेश्वर भार्गव व सहकाऱ्यांच्या मँगनीजयुक्त झिंक सल्फाइडवरील १९९४ च्या लेखापासून धरतात. कण लहान झाल्याने मँगनीजच्या प्रकाशाचा क्षयकाल (तो मावळण्यास लागणारा वेळ) मिलिसेकंदांवरून नॅनोसेकंदांवर येतो, असे त्यात म्हटले होते. १९९८ मध्ये बोल व माइयरिंक यांनी मँगनीजचा क्षयकाल मिलिसेकंदांतच राहतो व जलद भाग अन्य दोषांचा असतो, असे दाखविले. हेच मत आता ग्राह्य दिसते. पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी व सहकाऱ्यांनी याच कणांच्या जलीय निर्मितीवर १९९५ च्या सुमारास काम केले. मात्र मँगनीज येथे झिंकप्रमाणेच द्विसंयुजी असल्याने विद्युत् प्रकार बदलत नाही. त्या अर्थाने ही केवळ पूर्वपीठिका होय.

परके अणू लहान स्फटिकात सहज का शिरत नाहीत, याविषयी दोन मते आहेत. डाल्पियन व चेलिकोव्स्की (२००६) यांच्या मते कण लहान होत जातो तशी अशुद्धी सामावण्यास लागणारी ऊर्जा वाढते आणि स्फटिक ‘स्वयंशुद्धी’ करतो. अर्विन, नॉरिस, एफ्रॉस प्रभृतींनी (२००५) त्याआधीच वेगळे कारण मांडले होते. कलिल-निर्मितीच्या (द्रावणात तरंगते कण वाढविण्याच्या) तापमानाला मँगनीजसारखा अणू गाभ्यात जवळजवळ हलत नाही. म्हणून वाढत्या स्फटिकाच्या पृष्ठावर तो पुरेसा वेळ चिकटून राहतो का, एवढाच प्रश्न उरतो. झिंकब्लेंड (अणूंची घनाकार मांडणी) रचनेच्या काही पृष्ठांवर ही चिकटण्याची ऊर्जा जास्त असते. त्याच आधारावर त्यांनी झिंकब्लेंड रचनेच्या कॅडमियम सिलेनाइडमध्ये मँगनीज घालून दाखविले. वुर्ट्झाइट (षट्कोनी मांडणी) रचनेत ते दुष्कर ठरले होते. भाकीत करून पडताळलेले असल्याने हे दुसरे मत अधिक भक्कम वाटते. तांबे व चांदी हे अणू मात्र सामान्य तापमानालाही गाभ्यात वेगाने विसरण पावतात, तेव्हा त्यांना हे मत जसेच्या तसे लावता येत नाही.

नेमका याच गुणाचा उपयोग जेरूसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील बानिन, मिलो व सहकाऱ्यांनी केला (२०११). तयार इंडियम आर्सेनाइड कणांच्या द्रावणात धातूचे क्षार मिसळून त्यांनी तांब्याने एन-प्रकार व चांदीने पी-प्रकार मिळविला. सोन्याने फेर्मी पातळी (इलेक्ट्रॉन कोणत्या ऊर्जेपर्यंत भरलेले आहेत हे दाखविणारी पातळी) फारशी सरकली नाही. तिन्ही धातू एकाच गटातील. फरकाचा उलगडा असा : तांबे जालकातील (अणूंच्या नियमित मांडणीतील) अणूंमधल्या रिकाम्या जागेत बसून इलेक्ट्रॉन देते, तर चांदी इंडियमची जागा घेऊन तो ओढून घेते. तांब्याच्या जागेला पुढे एक्स-किरण शोषणाच्या अभ्यासातून दुजोरा मिळाला. कॅडमियम सिलेनाइडमध्ये तर एकटी चांदीच दोन्ही भूमिका करते. साहू, नॉरिस आदींच्या २०१२ च्या कामानुसार अणू थोडे असताना ती रिकाम्या जागेत राहून दाता (इलेक्ट्रॉन देणारी) ठरते, संख्या वाढली की कॅडमियमच्या जागी जाऊन ग्राही (इलेक्ट्रॉन ओढून घेणारी) होते.

परका अणू न घालताही विद्युत् प्रकार बदलता येतो. शिम व ग्यो-सिओने यांनी (२०००) सोडियम बायफेनिल या इलेक्ट्रॉन देणाऱ्या संयुगाकडून कणांना थेट इलेक्ट्रॉन पुरविले. शिसे सल्फाइड व सिलेनाइडमध्ये शिशाचे आधिक्य एन-प्रकाराकडे, तर गंधक वा सिलेनियमचे आधिक्य पी-प्रकाराकडे नेते. हवेतील ऑक्सिजनही पी-प्रकाराकडे झुकवितो. त्यावर उपाय म्हणून पृष्ठावर हॅलाइड लिगंड (पृष्ठाला बांधले जाणारे आयोडाइडसारखे आयन) बसवून हवेत टिकणारे एन-प्रकारचे थर २०१४ मध्ये मिळाले. असे थर सौर विद्युत् घटांत वापरले जातात.