बेस लेयर टॉप (माउंटन बायकिंग) : मराठवाड्यातील निवड

बेस लेयर टॉप म्हणजे जर्सी, जॅकेट किंवा छाती-पाठीच्या कवचाच्या आत, थेट अंगाला लागून घातला जाणारा पातळ टॉप. दिसायला तो बनियनसारखाच असतो. मात्र बनियन घाम पितो आणि धरून ठेवतो, तर बेस लेयरने घाम अंगावरून उचलून कापडाच्या बाहेरच्या बाजूला पसरवायचा असतो, म्हणजे तो वाऱ्यावर लवकर उडतो. दुकानांत या नावाने मिळणारे बरेच टॉप बर्फाळ मुलखासाठी बेतलेले, जाड आणि आतून लवदार असतात. दौलताबाद-खुलताबादच्या टेकड्या, म्हैसमाळ, बीडकडचा बालाघाट किंवा येडशी-रामलिंगचे रान अशा ठिकाणी डोंगरी सायकल चालवणाऱ्याने असा टॉप उचलला, तर वर्षातले दहा महिने तो कपाटातच राहतो.

या खेळात श्रम एकसारखे होत नाहीत, आणि कापड निवडताना तीच खरी अडचण आहे. खुलताबादहून म्हैसमाळ सुमारे १२ किलोमीटर. चढावर वेग ताशी आठ-दहा किलोमीटर, वारा जवळपास नाही, पाठीवर पाण्याची पिशवी. माथा येईपर्यंत पाठ चिंब होते. मग उतार लागतो. वेग तिपटीने वाढतो, पाय थांबतात, अंगात नवी ऊब तयार होत नाही आणि सगळा वारा ओल्या छातीवर येतो. १ लिटर घामाची वाफ होताना शरीरातून सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता जाते. चढावर आपल्याला हेच हवे असते, पण डिसेंबरात सकाळी सातच्या उतारावर त्यानेच हुडहुडी भरते आणि ब्रेकवरची बोटे बधिर होतात. म्हणून उन्हाळ्याचा टॉप चढ डोळ्यांपुढे ठेवून घ्यावा आणि हिवाळ्याचा उतार डोळ्यांपुढे ठेवून.

तंतू स्वतःमध्ये किती पाणी मुरवून घेतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. नेहमीच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, लोकर १६ टक्क्यांच्या आसपास, नायलॉन ४ टक्के आणि पॉलिएस्टर अवघा ०.४ टक्का. पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ काहीच धरत नाही. पॉलिएस्टरच्या टॉपमध्ये घाम तंतूंच्या आत न शिरता त्यांच्यामधल्या बारीक फटींतून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसा, सरकत जातो. मात्र त्यासाठी कापड अंगाला चिकटून असावे लागते. ढगळ टॉप कितीही महाग असला तरी घाम त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, तो पाठीच्या पन्हळीतून ओघळून कमरेशी जमतो.

कापसाच्या मुलखात कापसाविरुद्ध लिहिणे जिवावर येते, पण हिवाळी सकाळी सुती बनियन टाळावा. उन्हाळ्याचे तसे नाही. एप्रिल-मेमध्ये इथली हवा इतकी कोरडी असते की ओले सूत भराभर वाळते आणि वाळताना गारवा देते. सपाट रस्त्यावर तासाभराची चक्कर मारायची तर पातळ सुती बनियन पुरतो. लांब चढावर मात्र तो जड होतो, पिशवीच्या पट्ट्यांखाली गोळा होतो आणि काखेत कातडी सोलवटते.

आतली आणि बाहेरची बाजू वेगळ्या धाग्याची ठेवण्याची कल्पना या मुलखाला नवी नाही. छत्रपती संभाजीनगरचे जुने विणकर हिमरूबरोबर मशरू विणत. मशरूत वर दिसते ते रेशीम आणि अंगाला लागते ते सूत. आजच्या दुहेरी विणीच्या बेस लेयरमध्ये अंगालगत पाणी न धरणारा पॉलिप्रॉपिलीनसारखा धागा असतो आणि बाहेर ओल पसरवणारा नायलॉन किंवा लोकरीचा.

उन्हाळ्यासाठी सर्वांत चांगला म्हणजे जाळीचा, बिनबाह्यांचा टॉप. नॉर्वेच्या लष्करातील अधिकारी हेन्रिक ब्रुन यांनी १९३३ मध्ये मासेमारीची जाळी शिवून असा बनियन तयार केला. त्यांना हवी होती ऊब. वरचे कपडे बंद असले की जाळीच्या घरांत हवा अडकून राहते. तीच जाळी पातळ, उघड्या जर्सीखाली घातली की घरांतून वारा खेळतो आणि जर्सी ओली होऊनही अंगाला चिकटत नाही. जाळी ऊन मात्र अडवत नाही, तेव्हा ती नुसती घालून फिरू नये. ज्यांना आत-बाहेर दोन कपडे नकोसे वाटतात त्यांनी पातळ, घट्ट विणीचा पूर्ण बाह्यांचा एकच टॉप घालावा. मराठवाड्याच्या उन्हात उघड्या हातांपेक्षा झाकलेले हात कमी थकतात.

पावसाळा सरला की हीच जाळी त्रासाची ठरते, आणि त्याला कारण कुसळ. ऑक्टोबरपासून टेकड्यांवरचे कुसळी गवत पिकते आणि पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी हँडलबारच्या उंचीला लागते. त्याच्या बीला मागे लांब, पिळदार शेपूट असते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि दर वळणाला टोकदार बी थोडे थोडे आत घुसत जाते. एरवी जमिनीत रुजण्यासाठी असलेली ही युक्ती घामट टॉपवरही तशीच चालते. जाळीतून कुसळ सरळ कातडीपर्यंत येते, सैल विणीच्या लोकरीत ते अडकून बसते आणि ओढून काढताना धागाही बाहेर येतो. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर गुळगुळीत, घट्ट विणीचे नायलॉन किंवा पॉलिएस्टरच बरे.

कडाक्याच्या दिवसांत परभणीसारख्या ठिकाणी पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो आणि त्याच दिवशी दुपारी टोपीशिवाय बाहेर पडवत नाही. अशा वेळी मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीला तोड नाही. घोंगडीची लोकर ठाऊक असलेल्याला लोकर अंगालगत घालायची कल्पनाच टोचेल, कारण दख्खनी मेंढीचा तंतू जाड असतो. ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढचा तंतू त्वचेला बोचतो. मेरिनोचा तंतू साधारण १७ ते २० मायक्रॉनचा असतो, तो बोचत नाही, ओला झाला तरी थोडी ऊब राखतो आणि दोन दिवस घातला तरी वास मारत नाही. चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचे कापड इथे पुरेसे आहे. २०० ग्रॅमच्या टॉपमध्ये नऊ वाजताच गुदमरायला होते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा चाके जाम करतात, म्हणून फेऱ्या मुरमाड टेकड्यांपुरत्याच उरतात. तिथे पातळ पॉलिएस्टर चालते.

दुकानात टॉप आतून उलटा करून त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. थेंब मण्यासारखा तसाच बसून राहिला तर टॉप नको, काही सेकंदांत पसरून दुसऱ्या बाजूला ओल दिसली तर ठीक. मग टॉप घालून दोन्ही हात हँडलबार धरल्यासारखे पुढे न्यावेत. कंबर उघडी पडत असेल तर पाठीकडून लांब असलेला टॉप पाहावा. खांद्यावर शिवण नको. ती गळ्यापासून काखेकडे तिरकी गेलेली असावी, म्हणजे पिशवीचा पट्टा तिच्यावर दाबत नाही. शिवणी चपट्या हव्यात, उठावाच्या शिवणीने दोन तासांत वळ उठतो.

धुताना मऊपणासाठीचे द्रव्य घालू नये. त्याचा थर तंतूंवर बसतो आणि घाम ओढणे थांबते. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका कापडात राहतो, म्हणून द्रवरूप डिटर्जंट थोडेच वापरून टॉप दोनदा खळबळावा. घामाचे पांढरे पट्टे वाळण्याआधीच साध्या पाण्याने काढून टाकावेत. पिळण्याऐवजी टॉप पंच्यात गुंडाळून दाबावा आणि सावलीत पसरून वाळवावा. पॉलिप्रॉपिलीनवर इस्त्री फिरवली तर ते आक्रसते किंवा वितळते.