ग्रामर फाइलमधला बॅकस्लॅश: ग्राहकांसाठी माहिती

"ग्रामरमध्ये लिहिलं एक, कोडमध्ये दिसतंय भलतंच" ही तक्रार आमच्याकडे हमखास येते. बहुतेक वेळा कोड बरोबर असतो. ग्रामर फाइल (भाषेचे नियम लिहिलेली फाइल) आमचा जनरेटर, म्हणजे तिच्यावरून कोड तयार करणारा प्रोग्राम वाचतो, तयार कोड सी किंवा जावाचा कंपायलर वाचतो, आणि दोघांचे एस्केपचे, म्हणजे बॅकस्लॅश लावून खास अक्षर लिहिण्याचे नियम निराळे. म्हणून तुमचं लिटरल (अवतरणात लिहिलेला मजकूर) आम्ही तसंच पुढे ढकलत नाही. आधी त्यातल्या अक्षरांचे युनिकोड क्रमांक (प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला आकडा) काढतो, मग ती त्या भाषेच्या नियमाने नव्याने लिहितो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर '\\' म्हणजे एकच बॅकस्लॅश, क्रमांक ९२. जावाच्या रेगेक्समध्ये (मजकुरात नमुना शोधायच्या पद्धतीत) त्यासाठी चार लिहावे लागतात. ती सवय इथे आणू नका.

'क' चा क्रमांक २३२५, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) तीन बाइट. सी कोडमध्ये तो "\340\244\225" असा, म्हणजे ऑक्टलमध्ये (आठच्या पायावरच्या आकड्यांत) दिसेल. हेक्स (सोळाच्या पायावरचे आकडे) आम्ही मुद्दाम टाळतो. सी-मधल्या हेक्स एस्केपला अंकांची मर्यादा नाही. लगेच पुढे एखादा आकडा किंवा ए ते एफ पैकी अक्षर आलं की तेही त्यातच ओढलं जातं. ऑक्टल तीन अंकांवर थांबतो. दिसायला ओबडधोबड, पण बिनघोर.

जावाची खोड वेगळी. तिथे यू-एस्केप (\u आणि युनिकोड क्रमांक असं लिहिलेलं अक्षर) कंपायलर सगळ्यात आधी उलगडतो. नवी ओळ तशी लिहिली तर स्ट्रिंग मधेच तुटते आणि कोड कंपाइलच होत नाही. त्यामुळे नव्या ओळीसाठी तुम्हाला कायम बॅकस्लॅश-एनच दिसेल.

फ्लेक्स-बायसनच्या (अशाच फाइलींवरून कोड बनवणाऱ्या साधनांच्या) जुन्या फाइली पाठवणाऱ्यांनी एवढं बघावं. फ्लेक्स बाइट मोजतो, अक्षरं नाही. [कख] लिहिलंत तर त्या दोन अक्षरांतला कुठलाही एक सुटा बाइट जुळतो. त्याऐवजी "क"|"ख" लिहा. 'क्ष' तर युनिकोडच्या हिशेबात क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं, म्हणजे नऊ बाइट. बायसनमध्ये एकेरी अवतरणातलं टोकन (ग्रामरचा सर्वांत छोटा घटक) एका बाइटचंच असतं, तेव्हा देवनागरी टोकनला सरळ नाव द्या.

फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि वर्डमधून कॉपी-पेस्ट टाळा. तो सरळ अवतरणचिन्हं वाकडी करून ठेवतो. अडचण कळवताना स्क्रीनशॉट नको, मूळ फाइल जोडा.