बादलीतला कोयता

आठवडी बाजारात लोहाराकडून घेतलेल्या कोयत्याची मूठ चौथ्याच नारळाला डुगडुगायला लागली. शेजारचे काका म्हणाले, "रात्रभर पाण्याच्या बादलीत टाक, सकाळी घट्ट!" टाकला. सकाळी खरंच घट्ट होता. आठवड्यात मात्र आधीपेक्षा जास्त ढिला.

काकांचा सल्ला कुऱ्हाडीसाठी बरा आहे. कुऱ्हाडीत लाकूड आत आणि लोखंड बाहेर, त्यामुळे फुगलेला दांडा नेढ्यात, म्हणजे कुऱ्हाडीच्या भोकात, आवळून बसतो. कोयत्यात सगळं उलटं. पात्याचं निमुळतं शेपूट लाकडाच्या भोकात शिरलेलं असतं. मग लाकूड फुगलं की भोक लहान होतं की मोठं?

बैलगाडीच्या चाकावर धाव, म्हणजे लोखंडी पट्टीचं कडं, चढवताना लोहार ती आधी तापवतो. धाव फुगते आणि तिच्या आतली जागाही मोठी होते. लाकडाचंही तसंच, फक्त तिथे उष्णतेऐवजी पाणी. पाणी पेशींच्या भिंतींत शिरून सेल्युलोजच्या, म्हणजे लाकडाच्या मुख्य घटकाच्या, साखळ्यांना एकमेकींपासून दूर ढकलतं. या साखळ्या बहुतांशी लाकडाच्या लांबीला धरून असतात, म्हणून लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. 30 मिमी रुंदीची सागवानी मूठ उन्हाळा ते पावसाळा सहज अर्धा मिमी फुगू शकते. 10 मिमी रुंद पोलाद 20 अंशांनी तापलं तर त्याची वाढ मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. म्हणजे सगळी हालचाल लाकडाची. आणि मूठ सगळीकडून सारखी फुगली, तर भोकही मोठंच होणार.

मग सकाळी घट्ट कशी? कारण ती सारखी फुगलेलीच नसते. पाणी शेपटाच्या कडेने आत झिरपतं, भोकाची भिंत आधी भिजते. तिच्यामागचं अजून कोरडं लाकूड तिला बाहेर पसरू देत नाही, म्हणून ती आत, लोखंडावर दाबली जाते. या दाबाखाली पेशी चेंगरतात आणि चेंगरलेल्या पेशी वाळल्यावर मूळ मापाला येत नाहीत. भोक कायमचं सैल! वारंवार भिजवलेली कुऱ्हाडही याच कारणाने शेवटी दगा देते.

(बाळंतिणीच्या उशाशी कोयता ठेवायची रीत काही घरांत अजून आहे. भुताचं राहू द्या, निसटत्या मुठीचा कोयता बाळाजवळ असणं हेच भीतीचं.)

शेवटी लोहाराकडेच गेलो. त्याने शेपूट तापवून भोकात दाबलं, भोक जळून शेपटाच्या मापाचं झालं. मग वितळलेली लाख आणि विटेची पूड आत भरून पुन्हा गरम शेपूट बसवलं. जुन्या तलवारींच्या मुठीही लाखेनेच बसवत. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यांचा स्राव. ती फट भरते, पाण्याला अडवते. थंड होताना ती आकसते, पण विटेची पूड फारशी आकसत नाही, म्हणून दोन्ही मिळून फट पडू देत नाहीत.

पथ्य एकच. कोयता उकळत्या पाण्यात घालायचा नाही. लाख 70-80 अंशांच्या आसपासच मऊ पडते आणि पातं मुठीतून अलगद सुटून येतं.