गावातल्या बाईच्या जिवाला धोका किती, हे कसं मोजायचं?

नवरा मारतो असं एखादी बाई सांगते तेव्हा बहुतेक लोक आधी बघतात की लागलंय किती, हाड मोडलंय का, टाके पडलेत का, आणि त्यावरूनच प्रकरण किती सिरीयस ते ठरवून टाकतात. पण पुढे तिच्या जिवाला धोका आहे का, हे नुसत्या जखमेवरून कळत नाही. यावर चांगलं 40 वर्षांचं संशोधन आहे आणि ते गावापर्यंत पोचायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

1985 च्या सुमारास जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकेतल्या नर्सिंगच्या संशोधक बाईंनी डेंजर असेसमेंट नावाची प्रश्नावली तयार केली. आता त्यात 20 प्रश्न आहेत, उत्तर हो किंवा नाही, आणि उत्तरांवरून धोका किती याचा स्कोअर काढतात. मारहाण वर्षभरात वाढलीये का, तो पाळत ठेवतो का, मारून टाकीन म्हणतो का, गरोदर असताना मारलं का, घरात बंदूक आहे का, असे. प्रश्नांच्या आधी तिच्यासमोर कॅलेंडर ठेवतात आणि मारहाण झाली त्या दिवसांवर खुणा करायला सांगतात, आणि हे फार कामाचं आहे कारण रोज त्यातच जगणाऱ्या बाईला त्रास वाढत चाललाय हे लक्षातच येत नाही, पण आधी दोन-दोन महिन्यांनी असलेल्या खुणा आता दर आठवड्याला पडल्यात हे कागदावर दिसलं की तिचं तिलाच कळतं.

सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न गळा दाबण्याचा. ज्या बाईचा नवऱ्याने आधी एकदा तरी गळा दाबलाय तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सात पटीहून जास्त असते, असं 2008 च्या एका अभ्यासात दिसलं. आणि गळ्यावर वळ उमटेलच असं नाही, बऱ्याचदा बाहेरून काहीच दिसत नाही. आवाज बसला, गिळताना दुखतंय, क्षणभर शुद्ध गेली, नकळत लघवी झाली, यातलं काहीही असलं तरी डॉक्टरला दाखवायलाच हवं, कारण मानेतल्या धमनीला आतून इजा होऊन काही दिवसांनीसुद्धा पक्षाघाताचा झटका येऊ शकतो.

आता गावाचं. नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या हातून होणाऱ्या खुनांवरचा कॅम्पबेल यांचा 2003 चा गाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या 11 शहरांतला होता. गावात तोच स्कोअर आला तरी परिस्थिती तीच नसते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला 2011 चा एक अभ्यास आहे, त्यात लहान आणि एकाकी खेड्यांतल्या चारपैकी एकीहून जास्त बायकांना मदत केंद्र 40 मैलांपेक्षा, म्हणजे साधारण 64 किलोमीटरपेक्षा लांब होतं, शहरात असं 1 टक्क्यालाही नव्हतं. म्हणून गावात अजून काही गोष्टी विचाराव्या लागतात. फोनला रेंज कुठे येते, गाडीची किल्ली कोणाकडे असते, ओरडली तर ऐकायला कोण आहे आणि तो त्याचाच भाऊ तर नाही ना? दवाखान्यातली नर्स त्याच्या नात्यातली असेल तर ही बाई तिथे तोंड उघडणारच नाही. शेतावरचं कीटकनाशक, कोयता, शिकारीची बंदूक हे सगळं हाताशी असतं, त्यामुळे नुसतं "हत्यार आहे का" विचारून भागत नाही. गुरं कोणाच्या भरवशावर सोडायची म्हणून न निघणाऱ्या बायकाही असतात, हे शहरातल्या माणसाला सुचतही नाही.

तिला स्वतःला काय वाटतं तेही विचारायचं. "तो मला मारून टाकेल" असं ती म्हणाली तर शंभर टक्के विश्वास ठेवायचा. पण "तो तसा नाही हो" म्हणाली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, कारण खून झालेल्या किंवा थोडक्यात वाचलेल्या बायकांपैकी जवळपास निम्म्या जणींना आपला धोका नीट कळलाच नव्हता असं संशोधनात दिसलंय. हे सगळं विचारायचं ती एकटी असताना, सासूसमोर नाही, मुलांसमोर नाही, आणि तो कागद तिच्याबरोबर घरी पाठवायचा नाही, फोनमध्ये फोटोही नको.

आणि हा स्कोअर त्या दिवसापुरताच असतो. घर सोडायचं ठरवल्यावर आणि सोडल्यानंतरचे काही महिने धोका सगळ्यात जास्त असतो, आणि जिथे बाहेर पडायला एकच रस्ता आणि एकच बस आहे तिथे ती पिशवी घेऊन निघाली ही बातमी ती पोचायच्या आधी त्याच्यापर्यंत पोचते, म्हणून "निघ तिथून" असं सांगायच्या आधी कधी, कोणाबरोबर, कुठे हे ठरलेलं पाहिजे. त्याची नोकरी गेली, तिला दिवस गेले, तिने तक्रार केली किंवा तो सुटून परत आला की सगळे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारायचे.