अंगावर पुरळ उठलंय? मलम मागण्याआधी एवढं वाचा

"खाजेवर एखादं चांगलं मलम द्या." औषधाच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. आम्ही लगेच ट्यूब काढून देत नाही, उलट चार प्रश्न विचारतो. घाईत असलेल्या माणसाला त्याचा वैताग येतो, हे आम्हाला कळतं. ते प्रश्न का विचारतो, हे सांगण्यासाठी हे पत्रक.

खाज हे नुसतं लक्षण आहे. ती बुरशीने सुटते, किड्याने सुटते, विषाणूने, ॲलर्जीने, कोंडलेल्या घामानेही सुटते. यातल्या एकावर लागू पडणारं मलम दुसऱ्यावर उलटतं. त्यामुळे "शेजारच्यांना याने बरं वाटलं" हे कारण आमच्या दृष्टीने पुरेसं नाही.

आधी उजेडात नीट बघा

पुरळ कुठे उठलंय, यावरून निम्मं काम होतं. जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली असेल तर बुरशीचा संशय आधी घ्यावा. बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर असेल तर खरजेचा. कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत असेल तर इसबाचा. घड्याळाच्या पट्ट्याखाली किंवा कानातल्याच्या जागी असेल तर त्या वस्तूचाच. मग कड बघा: रेखीव आहे की पसरट? खाज रात्री वाढते का? घरात आणखी कुणी खाजवतंय का? गेल्या पंधरा दिवसांत नवं औषध, साबण, केसांचा रंग असं काही सुरू केलंय का?

एक गोष्ट पुस्तकांतल्या चित्रांमुळे निसटते. ती चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही. ती तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसते. अशा वेळी हात फिरवून बघा. जागा गरम लागते का, खरखरीत आहे का, फुगली आहे का, हे बोटांना आधी कळतं.

नायटा, आणि दोन दिवसांत आराम देणारं मलम

या विषयावर आम्ही जरा जास्त बोलणार आहोत, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

नायटा म्हणजेच गजकर्ण. ही बुरशी कातडीच्या वरच्या थरातल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते. चट्टा गोल पसरत जातो, कड उंच आणि खवलेदार असते, मधला भाग मात्र बराचसा स्वच्छ दिसतो. घाम, ओलसर कपडे, घट्ट कपडे आणि दुसऱ्याचा टॉवेल यांतून तो वाढतो आणि पसरतो.

आता स्टेरॉइडचं मलम. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन ही त्यातली नावं. काही ट्यूबांमध्ये स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र असतं. नायट्यावर हे लावलं की दोन दिवसांत खाज थांबते आणि माणूस खूश होतो. पण स्टेरॉइड शरीराचा प्रतिकार तेवढ्या जागेपुरता दाबतं. खाज गेली तरी बुरशी आत निवांत वाढत राहते. मलम थांबवलं की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन येतो, पुन्हा तेच मलम लागतं. काही आठवड्यांत त्याची ती गोल कडही पुसली जाते, आणि मग डॉक्टरांनाही तो नायटा आहे हे चटकन ओळखता येत नाही. जांघेतली कातडी आधीच पातळ. तिथे कायमचे पट्टे उमटतात. चेहऱ्यावर लावत राहिलं तर लाली, मुरुमं, बारीक केस आणि मलम सोडलं की आग, असं दुखणं मागे लागतं.

स्टेरॉइड वाईट नाही. इसबावर, सोरायसिसवर ते उत्तम काम करतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या ताकदीचं आणि सांगितलेले दिवसच वापरायचं. पण आजार काय आहे हे ठरल्याशिवाय आम्ही ते देणार नाही. गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं तरी चालेल.

नायट्यावर फक्त बुरशीचं औषध असलेलं मलम लागतं. ते चट्ट्यापुरतं न लावता कडेच्या बाहेर साधारण 2 सेंटीमीटरपर्यंत लावा, कारण न दिसणारी बुरशी तिथवर गेलेली असते. डाग गेला म्हणून लगेच थांबू नका. त्यानंतरही एक-दोन आठवडे चालू ठेवा. डोक्यात किंवा नखांत नायटा असेल, किंवा अंगभर पसरला असेल, तर नुसत्या मलमाने भागत नाही. गोळ्या लागतात, आणि त्या डॉक्टरांनीच द्याव्यात. टॉवेल वेगळा ठेवा, आंघोळीनंतर घड्या कोरड्या करा आणि घरातल्या इतरांचंही अंग बघून घ्या.

खरूज

ही सूक्ष्म किड्याची करामत. मादी कातडीत बीळ करून अंडी घालते. खाज दिवसा सोसवते, रात्री झोपू देत नाही. पहिल्यांदाच लागण झाली असेल तर खाज सुटायला 4 ते 6 आठवडे लागतात, आणि तोवर खरूज घरभर पसरलेली असते. म्हणून एकट्याने औषध लावून उपयोग नाही. खाज असो-नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं.

5 टक्के परमेथ्रिन मलम रात्री मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, बेंबीत, गुप्तांगावरही लावा. 8 ते 14 तासांनी धुवा. साधारण आठवड्याने पुन्हा एकदा. तान्ही बाळं, वयस्कर मंडळी आणि गर्भवती यांच्यासाठी पद्धत वेगळी असते. ती डॉक्टरांना विचारा. कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून काही दिवस ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांच्या पुढे सहसा जगत नाही. औषध लागू पडल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. तेवढ्यावरून औषध वाया गेलं असं समजून रोज लावत बसू नका, कातडी भाजल्यासारखी होते.

अंगावर पित्त

गांधी उठतात, खाजतात, आणि काही तासांत एका जागेवरून जाऊन दुसरीकडे उठतात. एखाद्या गांधीभोवती पेनाने रेघ मारून ठेवा. 24 तासांत ती गांध विरली तर बहुधा पित्तच. हिस्टामिन नावाचं द्रव्य कातडीत सुटल्यामुळे हे होतं. निमित्त एखादा संसर्ग, वेदनाशामक गोळी, अन्न, थंडी किंवा घट्ट कपड्याचा दाब, काहीही असू शकतं. पुष्कळदा कारण सापडतच नाही. तेव्हा भीतीने एकेक पदार्थ सोडत सुटू नका. इथे मलमाचा फारसा उपयोग नाही, ॲलर्जीच्या गोळीचा होतो. सहा आठवड्यांहून जास्त दिवस हे चालू राहिलं तर तपासून घ्या.

इसब, आणि स्पर्शाने उठणारं पुरळ

इसबात कातडीची भिंतच कच्ची असते. ओलावा बाहेर निघून जातो, त्रासदायक पदार्थ आत येतात. घरात दमा किंवा सततच्या शिंका असतील तर मुलांमध्ये तो जास्त दिसतो. खरं औषध म्हणजे वास नसलेलं जाडसर मॉइश्चरायझर किंवा साधी पेट्रोलियम जेली. कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ, अंग टिपून घ्यायचं, आणि ओलसर असतानाच लगेच लावायचं. बरं वाटत असतानाही रोज. लोक नेमकं हेच सोडतात.

निकेलचे दागिने, अत्तर, रबराचे हातमोजे, सिमेंट, केसांचा रंग यांची ॲलर्जी स्पर्शानंतर एक ते तीन दिवसांनी दिसते, त्यामुळे गुन्हेगार सापडत नाही. "मी तर हाच रंग दहा वर्षं लावतोय" हा बचाव इथे चालत नाही. जुन्या वस्तूचीही ॲलर्जी नव्याने होऊ शकते. नेमकं कारण शोधायला त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून 48 तासांनी आणि त्यानंतर पुन्हा तपासतात.

घामोळ्याला औषधापेक्षा वारा आणि सैल सुती कपडा जास्त लागतो. तेलकट क्रीम लावू नका. कोपर, गुडघे, डोकं यांवर चंदेरी खवले असतील तर ते सोरायसिस असू शकतं. ते संसर्गाने पसरत नाही, त्या माणसाशी हात मिळवायला कचरू नका.

इथे दुकानात येऊ नका, डॉक्टरांकडे जा

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, चक्कर आली तर थेट रुग्णालय गाठा. नवं औषध सुरू केल्यावर पुरळाबरोबर ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, कातडी सुटणं असं काही दिसलं तरीही तेच. तापात उठलेले जांभळट ठिपके काचेचा पेला दाबूनही फिके होत नसतील तर एक मिनिट घालवू नका.

अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे दुखरे फोड आले तर ती नागीण असू शकते. तिची औषधं पहिल्या 72 तासांत सुरू झाली तर जास्त फायदा होतो, म्हणून "दोन दिवस बघू" म्हणू नका. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर डोळ्याला धोका असतो. तान्ह्या बाळाला तापासह पुरळ, किंवा वेगाने पसरणारी गरम, दुखरी सूज, हेही आमच्या आवाक्यातलं नाही.

दुकानात येताना

याआधी काय लावलंय ते सांगा. रिकामी ट्यूब घेऊन आलात तर फारच उत्तम. पुरळ येऊन-जाऊन असेल तर उठलेलं असतानाच फोटो काढा. गर्भवती असाल, बाळाला अंगावर पाजत असाल किंवा मूल लहान असेल तर आधी ते सांगा. जंतुनाशक द्रव पाण्यात न मिसळता पुरळावर ओतू नका. त्याने झालेली भाजही आमच्याकडे नियमित येते. तोवर खाज असह्य झाली तर थंड पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवा आणि नखं कापा.

डॉक्टरांनी स्टेरॉइड मलम दिलं असेल, तर मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत ट्यूबमधून जेवढं निघतं, तेवढं साधारण अर्धा ग्रॅम असतं. दोन तळहातांएवढ्या जागेला ते पुरतं. किती दिवस लावायचं ते चिठ्ठीवर नसेल, तर काउंटरवर विचारा. आम्ही डॉक्टरांना फोन करून ट्यूबवर तारीख लिहून देऊ.