सॉल्व्हरच्या नावातलं ‘सिम्पल’ कुठून आलं?

सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहवत नाही. वर तापलेला पत्रा, आत मोटारींची ऊब, भिंतीत एखाद-दुसरा एक्झॉस्ट फॅन. इथल्या मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला सीएफडी, म्हणजे हवा-पाण्याच्या प्रवाहाचं संगणकावरचं गणित, शिकताना ‘या शेडमधली हवा फिरते कशी?’ हाच विषय सुचावा, यात नवल नाही. तो लॅपटॉपवर ओपनफोम हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर टाकतो आणि सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम), कूरां नंबर, सिम्पल असले शब्द समोर येतात. ते पाठ करू नयेत. ते कुणाच्या अडचणीतून आले, ते आधी पाहावं.

प्रवाहाची समीकरणं जुनीच आहेत, नेव्हिए (१८२२) आणि स्टोक्स (१८४५) यांची. अडलं ते सोडवण्यापाशी. रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानं पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवता चालवता २० मे १९१० या दिवसाच्या सहा तासांच्या हवामानाचं गणित हातानं केलं. उत्तर आलं, दाब १४५ मिलिबारनं चढेल. प्रत्यक्षात तो जवळपास हललाच नव्हता. सुरुवातीला भरलेल्या वाऱ्याच्या आणि दाबाच्या नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या. तरी त्यानं १९२२ मध्ये ते सगळं छापलं, याचा मला फार आदर वाटतो.

संगणक जागेची छोटी घरं पाडतो आणि वेळेत एकेक पाऊल टाकत गणित पुढे नेतो. कूरां, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी १९२८ मध्ये या वेळेच्या पावलाला मर्यादा घातली: एका पावलात प्रवाह साधारण एका घरापलीकडे जाऊ नये. एका पावलात तो किती घरं ओलांडतो, तो आकडा म्हणजे कूरां नंबर. ओपनफोमच्या पहिल्या धड्यात ती डोळ्यांना दिसते. १० सेंटिमीटरची चौकोनी पोकळी, २० बाय २० घरं, म्हणजे एक घर ५ मिलिमीटरचं. झाकण सेकंदाला १ मीटर सरकतं आणि पाऊल ०.००५ सेकंदाचं. तेवढ्या वेळात झाकण बरोबर एक घर पुढे जातं. घरं ४० बाय ४० केलीत, तर पाऊलही निम्मं करा.

खरी गाठ होती दाबाची. पाण्यासारख्या, न दबणाऱ्या प्रवाहात वेगाला समीकरण आहे, दाबाला स्वतःचं नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले सुहास पाटणकर आणि ब्रायन स्पाल्डिंग यांनी १९७२ मध्ये तोड मांडली: दाब अंदाजानं धरा, वेग काढा, प्रत्येक घरात आत आलेलं आणि बाहेर गेलेलं जुळतं का पाहा, जेवढं चुकलं त्यावरून दाब सुधारा, पुन्हा फिरा. हीच सिम्पल पद्धत; ‘सेमी-इम्प्लिसिट मेथड फॉर प्रेशर-लिंक्ड इक्वेशन्स’ या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरं. पाटणकर इंजिनिअर झाले ते पुणे विद्यापीठातून, पुढे आयआयटी मुंबईत शिकले. आपल्या मुलांना हे कुणी सांगत नाही, याची मला खंत आहे.

पुढे १९८१ मध्ये स्पाल्डिंग यांच्याच कंपनीचं फिनिक्स हे सीएफडी सॉफ्टवेअर विकत मिळू लागलं. इम्पीरियलमध्येच जन्मलेलं ओपनफोम मात्र डिसेंबर २००४ मध्ये सर्वांसाठी मोफत खुलं झालं. सोलापूर विद्यापीठ सुरू झालं, तेच हे वर्ष.

म्हणून शेडला लगेच हात घालू नका. आधी पोकळी चालवा, घरं वाढवा, पाऊल मुद्दाम मोठं ठेवून गणित कसं फुटतं ते बघा. मग पत्र्याखालच्या तापून वर चढणाऱ्या हवेकडे या. तिच्यासाठी ओपनफोममध्ये जो सॉल्व्हर आहे, त्याचं नाव बॉयंटसिम्पलफोम: ‘बॉयंट’ म्हणजे हलकं होऊन वर चढणारं, आणि ‘सिम्पल’ ती पाटणकर-स्पाल्डिंग यांची.